अवधूतचं दुसरं खातं

चौरंगावर मोबाइल ठेवला होता. खाली लाल कापड, पुढे उदबत्ती, आणि झेंडूच्या हारातून वाट काढत भिंतीकडे गेलेली चार्जरची वायर. आकुर्डीतल्या वर्षालीच्या दोन खोल्यांत निम्मी सोसायटी दाटीवाटीने बसली होती. काच उजळली की "आला, आला!" अशी कुजबुज उठायची आणि बायका पदर सावरून हात जोडायच्या.

येणारा होता वर्षालीचा नवरा अवधूत. चाकणच्या एका कारखान्यात तो नोकरीला होता. उन्हाळ्यात कामावरून परतताना कंटेनरने त्याच्या दुचाकीला उडवलं. अग्नी दिला, दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले. आणि आता फेसबुकवर त्याच्या नावाने, त्याच्या हसऱ्या फोटोसकट, मेसेज येत होते.

"वाच की गं मोठ्याने," सोसायटीचे अध्यक्ष उद्धवराव म्हणाले.

वर्षालीने वाचलं, "'वर्षू, मी अंधारात आहे. इथे फार थंडी आहे. माझा निळा शर्ट तू उशाशी घेऊन झोपतेस, ते मला दिसतं.'"

"बघा! शर्टाचं परक्याला कसं कळेल?" शेजारची अंजली डोळे पुसत म्हणाली.

"आवाज ऐकव म्हणावं त्याला," मागून कुणीतरी म्हणालं.

उत्तर झटकन आलं. आत्म्याला कंठ नसतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. कंठ नसलेल्या आत्म्याला टाइप करायला अंगठे कुठून आले, आणि अंधारात त्याला इतकं छान नेटवर्क कोण पुरवतं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

पहिल्या मेसेजला वर्षाली ढसाढसा रडली होती. नंतर मात्र तिला त्याची धास्ती बसली. ज्या माणसाची पावलं जिन्यात वाजली की ती गॅसवर चहा चढवायची, त्याच्याच चाहुलीच्या कल्पनेने तिच्या अंगावर काटा यायचा. भरदुपारी ओट्याशी पाठमोरं उभं राहवेना. न्हाणीघराचं दार लावून घेववेना. मग मेसेज आला : 'मला सईची ओढ लागली आहे. माझी सावली तिच्यावर पडते आहे. मला आवर.' दुसऱ्याच दिवशी तिची नऊ वर्षांची लेक सई तापाने फणफणली.

डॉक्टरांनी घसा बघून औषध दिलं, साधा ताप आहे म्हणाले, पण वर्षालीला ते ऐकूच आलं नाही. आत्म्याने सुटकेचा मार्गही कळवला होता. 'मुक्तिद्वार' नावाची वेबसाइट. वर सोनेरी कळस, मागे घंटानाद, एका मोठ्या देवस्थानाच्या नावाची पाटी. अमावस्येच्या आत घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं, तळहातांचे फोटो आणि फोनवर येणारा सहा आकडी 'मंत्रांक' तिथे भरायचा. नाही भरला तर सईची जबाबदारी आत्म्यावर नाही.

"भर की पोरी," सासू सोजराबाई काकुळतीने म्हणाल्या. "माझा ल्योक गेला, आता नात तरी ऱ्हाऊ दे."

वर्षाली सईच्या तळहाताचा फोटो काढत होती, तेव्हाच वरच्या मजल्यावरच्या सुमेधाताई सईसाठी तांदळाची पेज घेऊन आल्या. त्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. सुट्टी संपवून कालच परतल्या होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि विचारलं, "तापलेल्या पोरीच्या हाताचा फोटो कशाला हवाय?"

वर्षालीने सगळं सांगितलं. सुमेधाताई हसल्या नाहीत. सगळे मेसेज त्यांनी पहिल्यापासून वाचले.

"वर्षाली, अवधूत मराठी कसं लिहायचा?"

वर्षालीने मान खाली घातली. "इंग्रजी अक्षरांत. आणि हे सगळं देवनागरीत आहे. ते माझ्याही मनात आलं होतं, ताई. पण वाटलं, शंका घेतली आणि तो चिडला तर?"

"म्हणजे तुझं डोकं जागं होतं. भीतीने त्याच्या तोंडावर हात ठेवला होता." त्यांनी आवाज खाली आणला. "एक करूया. फेसबुकवर तुझ्या पानावर एक धडधडीत खोटी गोष्ट लिही. कुणाला सांगू नकोस, सासूबाईंनाही नाही."

वर्षालीने लिहिलं : अवधूतचा लाडका पोपट राघू आज आपल्याला सोडून गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मंडळी जमली. काच उजळली. या वेळी सुमेधाताईंनी वाचायला घेतलं. "'वर्षू, आपला राघू माझ्याजवळ पोचला. खांद्यावर बसून तुझं नाव घेतो आहे. किती वर्षं जपलं मी त्याला!'"

"अरे देवा, मुकं पाखरूसुद्धा!" उद्धवरावांनी कपाळाला हात लावला.

"कंचा पोपट?" कोपऱ्यातून सोजराबाई कडाडल्या. "आमच्या घरात कंदी पोपट न्हवता! अवध्याला पिसांनी दमा व्हायचा. कोंबडीसुदिक लांब ठेवायची मी. कोन हाय ह्यो मेला?"

वर्षाली उभी राहिली. "पोपट मी रचला. काल माझ्या पानावर लिहिलं. ज्याने ते वाचलं, तोच हे लिहितोय."

"मग शर्ट?" अंजलीने क्षीण आवाजात विचारलं.

"वर्षालीच्या नणंदेने फेसबुकवरच्या श्रद्धांजलीत लिहिलं होतं. 'वर्षू' हे अवधूतने दिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये आहे." सुमेधाताईंनी दोन फोनवर दोन खाती उघडून शेजारी शेजारी धरली. "हे अवधूतचं खरं खातं. त्याची वर्षानुवर्षांची छायाचित्रं इथे आहेत. आणि हे दुसरं या महिन्यात उघडलंय, फोटो तिथून उचललाय. तसंच त्या वेबसाइटचं. कळस आणि पाटी कुणीही रंगवतो. वरच्या ओळीतला पत्ता वाचायचा. देवस्थानाचं नाव पुढे आहे, पण शेवटी भलतंच शेपूट जोडलंय. आणि मंत्रांक म्हणजे ओटीपी. तो दिला की तुमचं खातं त्याच्या हातात."

अंजलीचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, मी सकाळी तो आकडा भरला. माझ्या आजारी मुलासाठी. तेव्हापासून व्हॉट्सअॅप उघडतच नाही."

तेवढ्यात उद्धवरावांच्या खिशात टिंग वाजलं. त्यांनी फोन काढून वाचलं. "अंजलीचा मेसेज आहे. 'काका, मुक्तिद्वारावर नाव नोंदवा, माझ्या मुलाला गुण आला.'"

अंजली समोर बसली होती. दोन्ही हात रिकामे, मांडीवर.

भुताखेताला न भिणाऱ्यांच्याही अंगावर त्या क्षणी शहारा आला. वर्षालीला आता उमगलं. म्हणजे लिहिणारा मेलेला नव्हताच. कुणीतरी जिवंत माणूस, कुठेतरी पंख्याखाली बसून, तिच्या घरात डोकावत होता. सईचा गणवेशातला फोटो, शाळेचं नाव, सगळं तिनेच कौतुकाने मांडून ठेवलं होतं.

"आता घाबरून बसायचं नाही," सुमेधाताई म्हणाल्या. "आधी मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, मग खात्याची तक्रार. अंजली, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लाव. तुझ्या ओळखीच्यांना आपण सगळे मिळून सावध करू. वर्षाली, शाळेत कळव, ओळखीच्या माणसाशिवाय सईला कुणाच्या हाती देऊ नका म्हणावं."

"पण ताप?" सोजराबाईंनी विचारलं.

"पावसाळ्यात निम्म्या शाळेला येतो, आई. त्यांचे बाप जिवंत आहेत."

उद्धवरावांनी हार काढला, उदबत्ती विझवली.

ते खोटं खातं ब्लॉक करताना वर्षालीचं बोट अडखळलं. फोटो तर अवधूतचाच होता ना. सोजराबाई तिच्या खांद्याला धरून म्हणाल्या, "दाब गं. ह्यो आपला न्हवं." तिने बटण दाबलं आणि मग बराच वेळ दोघी एकमेकींना धरून रडल्या.

रडून झाल्यावर तिने फोन उचलला आणि ओळखीच्या सगळ्यांना एक निरोप बोलून पाठवला :

"मी वर्षाली बोलतेय. माझा नवरा गेला. तो परत आलेला नाही, येणारही नाही. त्याच्या, माझ्या, अंजलीच्या किंवा देवाच्या नावाने कुणी लिंक पाठवली, तर उघडू नका. कुणी भीती घालून घाई करत असेल, तर तिथेच थांबा. वेबसाइटचा पत्ता नीट वाचा. माणूस खरा आहे का, अशी शंका आली तर लाजू नका, जुन्या नंबरावर फोन करून विचारा. विचारल्याने कुणाचा आत्मा दुखावत नाही. आणि मी खरंच बोलतेय का, अशी शंका आली असेल, तर मलाही फोन करा."

थोड्या वेळाने फोन वाजला. कासारवाडीची मावशी होती. मग नणंद, मग सईच्या बाई. सगळ्यांचा प्रश्न एकच.

"हो," वर्षाली प्रत्येकीला सांगत होती, "मीच आहे. बरं केलंत विचारलंत ते."