गुणाच्या पोरीचा ताला

मी एक जुना ताला आहे. पुस्तकातली माणसे मला कुलूप म्हणतात, पण आमच्या भंडाऱ्याकडे मला तालाच म्हणतात. एकोडी गावच्या गिरजाबाईच्या दाराला मी वर्षानुवर्षे लटकलो. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडून गोडगोड बोलण्याची आशा धरू नका. संशय घेणे हा माझा धंदाच आहे. तुम्ही माझी गोष्ट ऐकायला एवढे उत्सुक का, असाही संशय मला येऊन गेला आहे.

माझा जन्म अलीगढचा. घणाचे घाव आणि कानशीचे ओरखडे सोसून मी तयार झालो आणि फिरत फिरत साकोलीच्या बाजारात आलो. गिरजाबाईच्या वडिलांनी मला तिथे विकत घेतले. तेव्हा गिरजा नुकती चालायला लागली होती. तिची आई तापाने गेली होती आणि घरात सावत्र आई आली होती. धानाची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की घरातले सगळे चिखलात उतरत. मग सावत्र आई गिरजाला आत ठेवी आणि मला दाराला लावी.

पहिल्यांदा गिरजा फार रडली. इवल्या मुठींनी तिने दार बडवले. पुढे रडणे कमी झाले आणि एक दिवस थांबलेच. संध्याकाळी सावत्र आई शेजारणींना कौतुकाने सांगे, "आमची गिरजा लय गुणाची हाये. चूं करत नाही." ते ऐकून माझी छाती फुगत असे. पोर शांत म्हणजे पोर सुखी, असे गाव समजत होते. मी तर लोखंडाचा, गावापेक्षा शहाणा कसा असणार?

गिरजाचे लग्न ठरले तेव्हा तिने माहेरचे दुसरे काही मागितले नाही. मला मागितले. तिच्या ट्रंकेला लागून मी एकोडीला आलो.

आता माझ्या मालकिणीचा स्वभाव सांगतो. गिरजाबाईचा कोणावर विश्वास नाही. शेजारीण हसली की ती म्हणते, माझ्यावरच हसली. कोणी वाटीभर भाजी आणून दिली की म्हणते, हिला माझ्याकडून काय पाहिजे? आज एखादीच्या गळ्यात गळा घालील आणि उद्या तिचे तोंड पाहणार नाही. मुलगा राजकुमार वरठीच्या कारखान्यात कामाला आहे. त्याला घरी यायला उशीर झाला की तिला वाटते, हाही आपल्याला सोडून गेला. मग तो आल्यावर रडून, ओरडून ती घर डोक्यावर घेते. लोक म्हणतात, "बाईचा स्वभावच वाईट." मला मात्र ती फार आवडे. तिचे आणि माझे विचार जुळत होते.

राजकुमारची बायको रिता आणि त्यांची लेक रेणू. रेणू बोबडे बोलू लागली आणि नेमकी रोवणी आली. घरामागे बोडी आहे, म्हणजे लहानसे तळे, आणि पावसाळ्यात ती काठोकाठ भरते. पोर एकटी बाहेर गेली तर संपलेच. म्हणून सासूसून बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, जाताना रेणूला आत ठेवू लागल्या आणि मला पुन्हा जुने काम मिळाले. मित्रांनो, त्यांना दुष्ट म्हणू नका. त्यांना पाण्याची भीती वाटत होती आणि ती खरी होती.

रेणूही सुरुवातीला रडली आणि मग गप्प झाली. गिरजाबाई गावभर सांगू लागली, "माही नातीन गुणाची हाये."

अशात एका सकाळी अंगणवाडीच्या भावनाबाई आल्या. त्या बुद्धविहाराजवळच्या वस्तीत राहतात. मी कडीला लटकून त्यांना नीट न्याहाळले. हातात ना वजनकाटा, ना औषध. मग आल्या कशाला? त्या ओसरीत खाली बसल्या, रेणूकडे बांगडी घरंगळत सोडली आणि तिच्या नावाने हाक मारली. रेणूने बांगडीकडे पाहिले, पण हाकेला ओ दिली नाही.

"आई बांधीवरून आली की धावत येते का हे?" भावनाबाईंनी विचारले.

"कायले धावन? शांत पोरगी हाये," गिरजाबाई म्हणाली. "आन तुमी आमच्याच घरी काहून आल्या? कोणं तक्रार केली?"

"तक्रार नाही, मावशी. मी सगळ्याच घरी जाऊन राहिली."

मला हे मुळीच पटले नाही. सगळ्या घरी जाणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. एक तर ती मते मागतात, नाहीतर भांडी विकतात.

भावनाबाई सांगू लागल्या. तालुक्याला डॉक्टरांनी त्यांना शिकवले होते की काही माणसांचा स्वभावच त्यांना छळतो. कोणावर भरोसा बसत नाही, क्षणात माया, क्षणात वैर, आणि जवळचे माणूस आता सोडून जाईल अशी सतत धाकधूक. डॉक्टर त्याला व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतात. त्याची कारणे अनेक असतात, पण काहींच्या बाबतीत त्याची मुळे अगदी लहानपणी रुजतात. रडून रडून कोणीच आले नाही की लेकरू हाक मारणेच सोडून देते.

"म्हंजे माही नातीन पागल हाये म्हणता?" गिरजाबाई कडाडली.

"नाही हो! कोंडलेल्या सगळ्याच लेकरांले असं होत नाही. पन कोणाले होईल हे आधी कोण सांगन? पोलिओचा डोस आपण एकाच घरी देतो का? सगळ्या गावाले देतो. हेबी तसंच हाये. रोवणी होतवर अंगणवाडी दिवसभर उघडी ठेवून राहिलो. रेणूले पाठवा."

"तेथे कोणाच्याबी हातचं खाऊ घालतेत."

भावनाबाईंनी रेणूसमोरची बांगडी उचलून हातात घातली. असे बोलणे त्यांनी पहिल्यांदा ऐकले नव्हते. "खिचडी मीच शिजवते, मावशी. पटत नसन तं घरचा डबा द्या," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्या गेल्या आणि घरात आग लागली. गिरजाबाईने रिताला धरले. "तूच सांगतलं तिले! माह्या स्वभावाचे किस्से तूच पुरवते. पोरीले माह्यापासून तोडाचं हाये तुले."

"आई, मी काहीच नाही बोलली हो," रिता रडत म्हणाली. "पन मी बांधीवरून येते तं रेणू माह्याकडे पाहतबी नाही. तुमाले दिसत नाही का?"

गिरजाबाईने फक्त मला उचलून दाराला लावले आणि बांधीची वाट धरली.

त्या संध्याकाळची गोष्ट मी विसरू शकत नाही. दार उघडले, रिता चिखलाचे पाय धुवायला मागे गेली आणि गिरजाबाई ओसरीत टेकली. रेणू आतून आपली चिंध्यांची बाहुली घेऊन बाहेर आली. तिने बाहुलीला जमिनीवर निजवले, धान मोजायची पायली उलटी करून तिच्यावर झाकली आणि वरून थोपटत म्हणाली, "ललाचं नाही. गुनाची."

बाहुलीला ‘रडायचं नाही’ असे बजावून ती पाठ फिरवून चालू लागली. जशी मोठी माणसे जातात, अगदी तशी.

गिरजाबाई कितीतरी वेळ त्या पायलीकडे पाहत राहिली. मग सरकत सरकत गेली, पायली उचलली, बाहुली बाहेर काढली आणि तिचे तोंड पदराने पुसले. त्या रात्री ती कोणाशी भांडली नाही. मला या शांतपणाचाच जास्त संशय आला.

आणि तो खरा ठरला! दुसऱ्या सकाळी तिने रेणूला कडेवर घेतले, दाराला नुसती कडी लावली आणि मला पदरात बांधून निघाली. मित्रांनो, ज्या बाईने विहिरीवर जातानाही कधी दार उघडे सोडले नाही, ती घर वाऱ्यावर सोडून निघाली होती. मला वाटले, आता बाई मला बोडीत फेकते.

ती बोडीच्या दुसऱ्या काठावरच्या अंगणवाडीत गेली आणि बोडीच्या बाजूच्या फाटकाकडे बोट दाखवत भावनाबाईंना म्हणाली, "या फाटकाले ताला काहून नाही? लेकरं पाण्यात गेली मंग? हा घ्या. पक्का हाये. आन किल्ली माह्यापाशीच राहीन."

भावनाबाईंनी मला दोन्ही हातांनी घेतले, फाटकाला लावले आणि किल्ली निमूटपणे परत दिली.

गिरजाबाई त्या दिवशी रोवणीला गेलीच नाही. पाय मोडल्यासारखी फाटकाजवळ बसून राहिली. कोणी लेकरांना मारते का, कोण कोणाला काय भरवते, सगळे तिने डोळ्यांत तेल घालून पाहिले. दुपारी भूक लागली तेव्हा तिने खिचडीची ताटली पुढे ओढली, चाटूनपुसून खाल्ली आणि म्हणाली, "मीठ कमी हाये." पुढे काही दिवस हेच चालले. भावनाबाई रेणूला मांडीवर घेत, तिने हाक मारली नाही तरी ओ देत, आणि रेणू हळूहळू त्यांच्याकडे पाहू लागली. पाहणी करता करता आजीही रेणूशी बांगडी घरंगळवत खेळू लागली.

अखेर एका सकाळी गिरजाबाई बांधीवर जायला उठली. तशी रेणूने तिचा पदर धरला आणि भोकाड पसरले. असे रडणे मी त्या पोरीकडून कित्येक दिवसांत ऐकले नव्हते.

गिरजाबाई उसळली. "पाहा! तुमच्याइथं रडते. घरी कधी रडत नोती!"

"चांगलं हाये, मावशी," भावनाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "कोणी ऐकन असा भरोसा आला की लेकरू रडते."

गिरजाबाई किल्ली मुठीत धरून उभी राहिली. मग कोणालाच न उद्देशून म्हणाली, "मंग माहं कोणं ऐकलंच नाही म्हणावं."

भावनाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

मित्रांनो, गिरजाबाई बदलली असे समजू नका. कालच या फाटकाशी ती रिताशी मिरचीवरून भांडली. गंजलेले लोखंड एका थेंब तेलाने सैल होत नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? पण भांडण संपल्यावर तिने रिताला विचारले, "तू सोडून तं नाही जाशीन ना?" हे तिने याआधी कधी कोणाला विचारले नव्हते. भावनाबाई म्हणतात, मोठ्यांनाही उशिरा का होईना भरोसा शिकता येतो; फक्त वेळ लागतो आणि सोबतीला माणसे लागतात. माझा त्यांच्यावर अजून पूर्ण विश्वास नाही. मी लक्ष ठेवून आहे.

माझी एवढीच विनंती ऐका. मला पेटीला लावा, दुकानाला लावा, भरल्या बोडीकडच्या फाटकाला लावा. एकट्या लेकराच्या दाराला लावू नका. आणि एखादे मूल फारच गुणाचे, फारच शांत दिसले, तर शाबासकी देण्याआधी त्याला एक हाक मारून पाहा. पावसाळ्यात मला तेलही देत जा, गंज लवकर चढतो.

पण आता थांबतो. आत अंगणवाडीत रेणू रडते आहे, आणि चिखलाच्या पायांनी कोणीतरी बांधावरून धावत येते आहे. चाल ओळखीची आहे. किल्ली तिच्याच हातात आहे.