शेवटचा घोट बरणीचा

९ ऑक्टोबर १९८६, गुरुवार. सकाळी नदीवर दाट धुकं. अकराच्या सुमारास विरलं, मग संध्याकाळपर्यंत कोवळं ऊन. रात्री चुलीपासून लांब असलेल्या वस्तूंना गारठा जाणवला.

त्या वस्तूंपैकी मी एक. मी शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची, बरणी बोलतेय. फ्रान्समधल्या सोन नदीच्या काठी सोलांज आणि फिर्मां या नवराबायकोची खानावळ आहे. खाली जेवणाची खोली, वर पाहुण्यांना राहायला पाच खोल्या. स्वयंपाकघरातून जेवणाच्या खोलीत जाताना मध्ये एक बोळ लागतो. त्या बोळातल्या फडताळाच्या खालच्या फळीवर माझी जागा होती.

माझा जन्म कुंभाराच्या भट्टीतला. करडी माती, जाड अंग, पोटाशी लाकडी तोटी, तोंडाला फडकं. सोलांजच्या आजीनं मला गवतात गुंडाळून या घरी आणलं, उरलेली तांबडी वाईन माझ्यात ओतली आणि शेजारणीकडचं विरजण सोडलं. दुधाचं दही व्हायला विरजण लागतं, तसंच वाईनचा शिरका व्हायलाही लागतं. फक्त हे विरजण जाड सायीसारखं वर तरंगतं आणि त्याला वरचेवर ताजी वाईन पाजावी लागते. म्हणून या घरात वाईनचा थेंब मोरीत जात नाही. पाहुण्यांच्या बाटलीत तळाला जे उरेल ते माझं.

त्या उरलेल्या वाईनवरून मला माणसं कळतात. पहिल्या रात्री बहुतेक बाटल्या अर्ध्या परत येतात. माणूस प्रवासाने शिणलेला असतो, मन घरी असतं, तो जेवणापेक्षा घड्याळाकडे जास्त बघतो. तिसऱ्या दिवसापर्यंत बाटलीत दोन बोटं उरतात. त्यानंतर राहतो तो एक घोट, आणि तोही मुद्दाम माझ्यासाठी ठेवलेला. ज्यांना माझ्यासाठी घोट ठेवायचं सुचतं ते पाहुणे पुरते विसावले असं मी धरून चालते.

सोलांजच्या खानावळीचं नाव झालं ते शिरक्यातल्या कोंबडीमुळे. कोंबडीचे तुकडे लोण्यात तांबूस करायचे, न सोललेला लसूण टाकायचा आणि मग माझी तोटी उघडायची. शिरका कढईत पडला की वाफेनं डोळ्यांना पाणी येतं. शेवटी साय. रविवारी ही एवढी कोंबडी खायला लोक लांबून येतात.

सोलांजला थोरली बहीण आहे, ऑर्तांस. आई वारली तेव्हा दोघींना घरातलं दुसरं काही नको होतं, मी हवी होते. सोलांज त्याच घरात राहिली म्हणून मी तिच्याकडे राहिले. ऑर्तांसनं माझ्यातल्या विरजणाचा एक तुकडा काढून घेतला आणि नदीपलीकडे स्वतःची खानावळ काढली. तिनेही दारातल्या पदार्थांच्या फळ्यावर कोंबडी लिहिली. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. कुणाच्या लग्नात समोरासमोर आल्या तर एकमेकींच्या टोप्या बघतात आणि पुढे जातात.

तर त्या गुरुवारी देल्वाल नवराबायको लीलहून आले. दरवर्षी ऑक्टोबरात ते दोन आठवडे राहतात. साहेब रेल्वे स्टेशनातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. पहिल्या रात्री त्यांनी नाश्ता किती वाजता असं तीनदा विचारलं. शुक्रवारी भोपळ्याचं सूप आणि नदीतला मासा झाला. दुपारभर दोघं अक्रोडाच्या झाडाखाली आरामखुर्चीत पडून होते. बाईंच्या हातातलं विणकाम दोन ओळींच्या पुढे गेलं नाही. संध्याकाळी साहेबांनी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि बाटलीत माझा घोट राखला.

तो घोट मला मिळाला नाही. वसंतापासून कुठलाच मिळत नव्हता.

फिर्मांच्या छातीत दुखलं होतं आणि डॉक्टरनं त्याची वाईन बंद केली होती. सोलांजनं टेबलावरचा त्याचा पेला उचलला. मग तो बोळात उभा राहून पाहुण्यांच्या बाटल्या संपवू लागला. माझी पातळी उतरली तर सोलांजला कळेल म्हणून तो माझ्यात पाणी ओतायचा.

शनिवारी सकाळी देल्वालसाहेब सपाता घालून कॉफी शोधत बोळात आले.

"फिर्मां, ती माझी कालची बाटली ना?"

"तुमचीच. उरलेली."

"मी बरणीसाठी ठेवली होती."

"बरणीला काय घाई आहे, साहेब? तिच्या छातीत दुखत नाही."

"मग तिला काय देता?"

फिर्मांनं पाण्याचा जग दाखवला. "विहिरीचं आहे. थंड."

देल्वालसाहेब हसले. सुट्टीत माणूस फार खोलात शिरत नाही. त्यांनी कॉफी घेतली आणि झाडाखाली गेले.

रविवारी कोंबडी झाली. सोलांजच्या डोळ्यांना पाणी आलं नाही, पण खोली भरलेली होती आणि तिला विचार करायला सवड नव्हती. देल्वालबाईंनी पहिला घास खाऊन काटा खाली ठेवला.

"सोलांज, राग मानू नका. यंदा कोंबडी गोड लागतेय."

"गोड?"

"म्हणजे वाईट नाही. आमच्या सूनबाई करतात तशी."

सोलांजनं पावाचा तुकडा रश्शात बुडवून चाखला. तशीच बोळात येऊन तिनं माझ्या तोंडावरचं फडकं काढलं. वर पांढरी बुरशी होती. विरजण राखाडी होऊन तळाशी बसलं होतं.

"मेलं," ती म्हणाली. "आजीपासूनचं होतं."

"जुनी झाली बरणी," मागून फिर्मां म्हणाला. "तडकली असेल कुठेतरी."

"तुला कसं कळलं?"

"मी आपलं म्हणालो."

त्या आठवड्यात फळ्यावरून कोंबडी पुसली गेली. सोलांजनं शेजारच्या दोन घरी विरजण विचारलं. त्यांच्याकडे दुकानातली शिरक्याची बाटली होती, तिच्यात विरजण नसतं. कुठे मिळेल ते तिला माहीत होतं, पण नदीपलीकडचं नाव घरात कुणी काढलं नाही. मला तिनं रिकामी केली, घासली आणि पुढच्या रविवारच्या जुन्या सामानाच्या बाजारात चर्चसमोर नेऊन ठेवली. माझ्या एका बाजूला लोखंडी पलंग, दुसऱ्या बाजूला बाबागाडी.

ल्योंहून आलेल्या एका गृहस्थाला मी आवडले. त्याला माझा दिवा करायचा होता.

"तोटी कापून टाकू," तो बायकोला म्हणाला. "भोक आहेच, वायर तिथून घालता येईल."

तो खिशात हात घालत होता तेवढ्यात मागून आवाज आला.

"आईची बरणी रस्त्यावर?"

ऑर्तांस होती. सोलांजनं पलंगाकडे बघत उत्तर दिलं, "तडकली आहे."

ऑर्तांसनं माझ्या पोटावर टिचकी मारली. "ही तडकलेली वाजते? तुझे कान तडकलेत."

"मग विरजण उगाच मेलं?"

ऑर्तांसनं मला उचललं, चौकातल्या नळाखाली काठोकाठ भरलं आणि पायरीवर ठेवलं. आम्ही सगळे थांबलो. ल्योंचा गृहस्थ सुद्धा. खालचा दगड कोरडाच राहिला.

"बघ. थेंब नाही."

"मी सांगतो ना, गळत नाही ती," पलंगाशी उभा असलेला फिर्मां म्हणाला. "उन्हाळाभर पाणी घालतोय, एकदाही गळली नाही."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. बाजार बघायला सोबत आलेले देल्वालसाहेब बाबागाडीची चाकं तपासू लागले.

"पाणी?" सोलांज म्हणाली. "आणि वाईन कुठे जात होती?"

फिर्मांनं टोपी काढून हातात घेतली.

"घरी चल," ती म्हणाली. "तिथे बोलू." मग तिनं माझ्याकडे हात केला. "दे ती इकडे."

ऑर्तांसनं मला कुशीत घट्ट धरलं. "विकायला मांडली होतीस ना?"

"आता नाही विकायची."

"ह्या साहेबांना दिव्यासाठी चालली असती, आणि मला शिरक्यासाठी नाही?"

सोलांजनं पुढे केलेला हात मागे घेतला.

"आणि नेऊन करशील काय?" ऑर्तांसनं विचारलं. "विरजण आहे तुझ्याकडे?"

"नाही."

"माझ्याकडे आहे. तेच. एक दिवससुद्धा उपाशी ठेवलेलं नाही."

"देशील?"

"बरणी मला दे, विरजण देते."

सोलांजनं फिर्मांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एवढ्या वर्षांत एकदा तरी मागायचीस."

"तू द्यायचीस का?"

"नाही."

"मग?"

सोलांजनं फडताळातून आणलेलं माझं फडकं पिशवीतून काढलं आणि माझ्या तोंडावर बांधलं. "गाठ सैल ठेव. हवा लागते तिला."

"मला शिकवू नकोस," ऑर्तांस म्हणाली.

ल्योंच्या गृहस्थानं बाबागाडी घेतली.

सोमवारी दोन्ही खानावळी बंद असतात. त्या सोमवारी ऑर्तांस काचेच्या बरणीत विरजण घेऊन नदी ओलांडून सोलांजकडे गेली. काच तिनं मुद्दाम घेतली होती. पाणी घातलं तर रंगावरून लगेच दिसावं म्हणून.

मी आता ऑर्तांसच्या खिडकीत असते. ऊन थेट लागत नाही, जागा चांगली आहे. इथल्या पाहुण्यांच्या बाटल्याही पहिल्या रात्री अर्ध्या येतात आणि पुढे रिकाम्या होत जातात. कधी असल्या खानावळीत राहायला गेलात तर पोटभर जेवा, दुपारी झोपा, घाई करू नका. फक्त तळाचा घोट राहू द्या.

सोलांजचं विरजण धरलं. १६ नोव्हेंबरच्या रविवारी तिच्या फळ्यावर कोंबडी पुन्हा लिहिली गेली. फिर्मां जेवताना पाणी पितो, आणि पाहुण्यांच्या बाटल्या आता सोलांज स्वतः उचलते. बहिणी सोमवारी टेलिफोनवर बोलतात, एकमेकींकडे जेवायला अजून गेलेल्या नाहीत. देल्वाल नवराबायको यंदा, १९८७च्या ऑक्टोबरात, दोन आठवडे आले. आठ रात्री सोलांजकडे राहिले, सहा ऑर्तांसकडे. कोंबडी दोन्हीकडे खाल्ली. कुठली जास्त चांगली, हे दोघी बहिणींनी विचारूनही देल्वालबाईंनी सांगितलं नाही.