नववा प्रश्न

नागपूरच्या रेडिओ केंद्राकडून आलेल्या एका पत्राला मी तीन महिने उत्तर दिलं नाही. पत्र सभ्य होतं, अक्षर सुवाच्य होतं, उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीटही सोबत होतं. तरी ते मी वाचनालयातल्या एका जाड पुस्तकात ठेवलं आणि ते पुस्तक कोणी मागू नये अशी इच्छा करत बसलो. तशी भीती नव्हती. अकरा वर्षांत ते पुस्तक फक्त मीच दोनदा नेलेलं आहे.

पत्रात दोनच गोष्टी विचारल्या होत्या. झुंबरबाईंनी मुलाखतीत विहिरीबद्दल जे सांगितलं ते खरं आहे काय? नसल्यास तसा खुलासा रेडिओवरून करता येईल. आणि मंजूर मजकुरात आठ प्रश्न असताना नववा कोणी लिहिला?

यासाठी मागचं सांगायला हवं. ते मला नीट जमेल असं वाटत नाही, पण सांगतो.

आमचं गाव अमडापूरपासून दीड कोसावर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून इथलं वाचनालय मी सांभाळतो. १९४९च्या जानेवारीत नागपूरहून वाचनालयाच्या नावानं निमंत्रण आलं. रेडिओ केंद्र सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. गावच्या कारभाराविषयी बोलणारी, खणखणीत आवाजाची एक शेतकरी बाई त्यांना हवी होती. तिथली रीत अशी, की प्रश्न आणि उत्तरं आधी लिहून पाठवायची, ती मंजूर होऊन आली की त्यातलं अक्षरही न बदलता माइकपुढे वाचायची.

खणखणीत आवाज म्हटल्यावर झुंबरबाईंशिवाय दुसरं नाव कोणाला सुचलं नाही. वाचता मात्र त्यांना येत नव्हतं. सरपंच रामराव म्हणाले की मजकूर मास्तर लिहिणार आहेत आणि तो आधी मी ऐकणार आहे, मग बाई कोणतीही चालेल.

झुंबरबाई खालच्या आळीत राहत. त्या आळीला विहीर नव्हती. बायका नाल्याच्या वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीनं घागर भरत. दोन वर्षांपूर्वी तिथं विहीर मंजूर झाली, कमरेइतका खड्डा झाला, रामरावांच्या नावाचा दगडही बसला. मग रामरावांनी विहीर पूर्ण झाल्याचं वर कळवून टाकलं. खड्ड्यात एरंड उगवला. त्याच वर्षी भरली घागर घेऊन नाला चढताना झुंबरबाईंची सून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. तेव्हापासून बाईंना दुसरं काही सुचत नव्हतं.

मी पहिल्यांदा मजकूर लिहिला तेव्हा विहिरीबद्दल शेवटी एक प्रश्न घातला. तो लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. वाचनालयाच्या पायरीवर बसून मी तो मजकूर झुंबरबाईंना रोज वाचून दाखवू लागलो. जात्यावर शंभर-दोनशे ओव्या म्हणणारी बाई. तिसऱ्या दिवशी सगळं त्यांच्या तोंडात बसलं. अडचण एवढीच, की प्रश्नही बसले.

मी म्हणालो, "प्रश्न तुम्ही म्हणायचे नाहीत. ते तिथले साहेब विचारतील."

"मंग उत्तर कोठून धरू? सूत टोकापासूनच निघते ना, मास्तर."

चौथ्या दिवशी मजकूर रामरावांना ऐकवायचा होता. त्यांच्या ओट्यापर्यंत जाता जाता माझं कौतुक ओसरलं, आणि पायरी चढण्यापूर्वी मी नवव्या प्रश्नावर काट मारली. उरलेले आठ त्यांना आवडले. त्यांत पंचायतीची तारीफ होती, तीही मीच लिहिलेली. संध्याकाळी मी झुंबरबाईंना सांगितलं की नववा प्रश्न गाळला आहे.

"काऊन?"

"जागा कमी पडली."

 त्या हाव म्हणाल्या, म्हणजे हो, आणि मी निर्धास्त झालो.

मजकूर मंजूर होऊन आल्यावर मुलगा निवृत्ती याच्यासोबत त्या शेगावहून रेल्वेनं नागपूरला गेल्या. गावात रेडिओ एकच, रामरावांचा. मुलाखतीच्या संध्याकाळी त्यांनी तो ओट्यावर मांडला, सतरंज्या घातल्या, पानाचं तबक फिरवलं. तहसिलीतला एक कारकून मुद्दाम बोलावून लोडाला बसवला. रेडिओ चालवायला नेहमीप्रमाणे घड्याळजी कादर होता. रामराव स्वतः त्या पेटीला हात लावत नसत.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला. झुंबरबाईंनी उत्तर दिलं. साहेब पुढचा प्रश्न विचारणार तेवढ्यात त्याच स्वरात आवाज आला, "प्रश्न दुसरा. आपल्या गावात पंचायतीने कोणकोणती कामे केली?" आणि बाईंनी ती कामं सांगायला सुरुवात केली. तिसऱ्याच्या वेळी साहेब खाकरले. चौथ्याच्या वेळी "धन्यवाद, तर" एवढं म्हणू शकले. पुढे ते ऐकूच आले नाहीत.

"सायबाची मजुरी इनंच घेतली," म्हातारा पुंजाजी म्हणाला. ओटा हसला. रामरावही हसले, कारण अजून तारीफच चालली होती.

आठवा प्रश्न संपला. मी डोळे मिटून घेतले होते.

"प्रश्न नववा. खालच्या आळीतील विहिरीचे पाणी कसे आहे?"

प्रश्न माझा होता, शब्दन् शब्द. उत्तर मी लिहिलं होतं की काम अपूर्ण असून ते त्वरित पूर्ण व्हावे, अशी ग्रामस्थांची नम्र विनंती आहे. झुंबरबाईंनी ते कुठेतरी टाकून दिलं होतं.

"लय गोड असंन, बाप्पा. पन कागदावरचं पानी कोनं चाखून पाह्यलं? दगड लागला, विहीर लागाची राह्यली. आमी झिऱ्याचंच पितो. सायब, तुमी या एक डाव, तुमाले बी पाजतो."

"आवाज कमी कर बे, कादर," रामराव म्हणाले.

कादरनं बटण फिरवलं. आवाज वाढला, पार मारुतीच्या पारापर्यंत गेला. बटण उलटं फिरलं, सरपंचसाब, असं तो अदबीनं म्हणाला. हा रेडिओ तो दोन वर्षं चालवत होता. पण त्याचंही घर खालच्या आळीतच, आणि त्याची बायको बिस्मिल्लाही त्याच झिऱ्यावर जायची.

कारकुनानं पान न खाताच तबकात परत ठेवलं.

आठव्या दिवशी ते पत्र आलं. खरं लिहावं तर रामरावांशी वैर, खोटं लिहावं तर झुंबरबाईंना तोंड कसं दाखवू? मी मसुदे करू लागलो. 'सत्य' हा शब्द उद्धट वाटला, 'वस्तुस्थिती' भपकेबाज. नवव्या प्रश्नाच्या ओळीपाशी तर लेखणीच अडायची. बाईंनी गावात सांगून टाकलं होतं की तो प्रश्न त्यांचाच, आणि मी ते ऐकून गप्प होतो.

पत्राची बातमी गावभर झाली तसे रामराव वाचनालयात आले. कधी येत नसत, त्यामुळे कुठं बसावं हे त्यांना कळेना. काय लिहिलं, असं त्यांनी विचारलं. अजून काही नाही, मी म्हणालो. त्यांनी टेबलावरचे फाडलेले कागद बघितले, माझं तोंड बघितलं, आणि निघून गेले. मी भित्रा आहे म्हणून लिहीत नाही, हे त्यांच्या मनातही आलं नाही. ते स्वतः असे कधी थांबले असतील, तर डाव साधण्यासाठीच.

दुसऱ्या आठवड्यात विहीर खणणारे बेलदार आले. खड्ड्यातला एरंड उपटला गेला.

रामराव दर चार दिवसांनी यायचे. आता लिवता काय, मास्तर? मी प्रामाणिकपणे सांगायचो की शब्द जमत नाहीत. एकदा ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "किती हात खनलं का जमतीन, तेवढं तं सांगा."

मी लेखणी पुसत बसलो. त्यांनी आणखी दोन बेलदार लावले.

पण पत्राला उत्तर न देणं असभ्यपणाचं आहे, हे मला खात होतं. एका दुपारी सुरुंगाच्या आवाजानं खिडक्या हादरत असताना मी कागद पुढे ओढला, आणि नेमक्या झुंबरबाई आल्या.

"लिवू नका, मास्तर."

"नागपूरचे साहेब काय म्हणतील?"

"सायबाले वाट पाहू द्या. त्याले काय झिऱ्यावर जा लागते? तुमचं उत्तर गेलं का सरपंचाची पहार थांबली. अर्धा खड्डा आमी दोन वर्सं पाह्यला. पानी लागू द्या, मंग काय लिवाचं ते लिवा."

"नवव्या प्रश्नाचं काय?"

"त्याचं काय? तुमाले भेव वाटलं, मले नाही वाटलं. इच्यात काय लिवाचं हाय?"

ज्येष्ठात, बत्तीस हातांवर, खडक फोडून झरा लागला. संध्याकाळी रामराव लोटा घेऊन माझ्याकडे आले. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "पेऊन पाहा. गोड हाय का नाही? आता लिवा, बाई रेडिओवर खोटं बोलली म्हनून."

मी पाणी प्यालो. खरंच गोड होतं. आजच लिहितो म्हणालो, आणि विहीर आहे असं नक्की लिहीन असंही सांगितलं. ते समाधानानं गेले. मग मी एकटाकी लिहिलं. माझ्या आयुष्यात असं दुसऱ्यांदा झालं असेल.

'महाशय, उत्तरास विलंब झाला, क्षमा असावी. विलंबाचे कारण बत्तीस हात खोल आहे. झुंबरबाई त्या दिवशी खरे बोलल्या. आज विहीर आहे; त्या तेच बोलल्या तर खोटे ठरेल, आणि हे घडले ते त्या बोलल्या म्हणूनच. खुलासा करावयाचा असल्यास एवढाच करावा. नववा प्रश्न मी लिहिला होता व मीच भिऊन खोडला. उत्तर बाईंचे स्वतःचे आहे. माझे त्याहून वाईट होते.'

सही केली. सकाळी चालत अमडापूरला गेलो आणि पाकीट टपालपेटीत टाकलं. मग इकडे-तिकडे बघून, फटीतून हात घालून ते परत काढता येतं का, तेही पाहिलं. येत नाही.