वगळायच्या भागांची यादी

सासूबाईंनी यादीतल्या तीनशे बारावर पेन्सिलीने आडवी काट मारली आणि उरलेले आकडे मोजले. तीन.

"लाव," त्या म्हणाल्या. "आणि आवाज मोठा कर. त्या मिशाळाचं बोलणं घशातच राहतं."

सुनेने रिमोट उचलला. तिच्या नखांत लिफ्टच्या दोरांचं वंगण होतं. ते रविवारीही निघत नाही. सकाळी एका नऊमजली इमारतीची लिफ्ट तपासून ती तशीच इकडे आली होती, आणि येताना वाटभर एक वाक्य घोकत होती. 'आई, पुढच्या रविवारपासून मला यायला जमणार नाही.' तीन भाग संपले की म्हणायचं आणि चपला घालायच्या.

खरं तर ती आता सूनही नव्हती. आठ महिन्यांपूर्वी कोर्टात सह्या झाल्या. मिक्सर तिला, कपाट त्याला. शहाण्यासुरत्या माणसांनी दोन तास बसून कुकर कोणाचा हेसुद्धा ठरवलं. सासूचं काय करायचं, हे त्यातल्या एकाही गाढवाला सुचलं नाही.

सासूबाईंचा मुलगा वाईट नव्हता, हीच पंचाईत. वाईट असता तर दोघींनी मिळून त्याला शिव्या घातल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. त्याला फक्त दम निघायचा नाही. साडेचारशे भागांची ही जपानी मारामारीची कार्टून मालिका त्यानेच घरात आणली, आणि पहिल्याच आठवड्यात यादी छापून फ्रिजवर लावली: कोणते भाग वगळायचे. मूळ चित्रकथा काढून व्हायची असते तोवर टीव्हीवाले मधे काहीबाही घुसडतात, त्याला म्हणे फिलर म्हणतात. त्यात कोणी मरत नाही, कोणी जिंकत नाही, आणि पुढच्या खऱ्या भागात त्यातलं कोणाला काही आठवत नाही. तीन वर्षं तिघांनी त्यांवरून उड्या मारत मालिका बघितली. मग दोघी उरल्या. घटस्फोटानंतर दोन महिन्यांत शेवटची लढाईही संपली. सून पर्स घेऊन उठली, तशा सासूबाई आत गेल्या आणि फ्रिजवरची यादी उपटून घेऊन आल्या.

"हे राहिलेत की सगळे."

"आई, ते भरतीचे आहेत. बघितले काय, न बघितले काय."

"सव्वीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केलीय मी. थांबा आला की बस थांबते. कोणी चढो, न चढो."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी, मुलगा बाहेर असताना, भरतीचे भाग. आज उरले होते तीन.

पडद्यावर बुटकी दिसली. तलवारीने डोंगर कापणारी ही पोरगी आज गालाला फडकं बांधून दातांच्या डॉक्टरच्या दारात बसली होती. शेजारी, तसंच फडकं बांधून, मिशाळ. तिचं गाव जाळणारा. डॉक्टरकडे भांडायला बंदी होती, म्हणून दोघं आपापला नंबर हातात धरून मुकाट बसले होते. बुटकीला रडू फुटलं. मिशाळाने इकडेतिकडे बघितलं आणि आपला आधीचा नंबर तिच्या मांडीवर ठेवला.

"बघ, बघ! नंबर दिला तिला. आणि हाच मेला पुढे तिच्या मास्तरला मारणार."

"हो."

"तिला ठाऊक नाही?"

"आपल्याला ठाऊक आहे, आई. तिला अजून नाही."

"बरंय बाई तिचं."

सून हसली, आणि हसता हसता तिला गुरुवारचा फोन आठवला. 'तू समजूतदार आहेस,' तो म्हणाला होता. 'पुढच्या महिन्यात लग्न आहे. ती घरात येईल आणि रविवारी तू सोफ्यावर. कसं दिसतं ते? तुझं येणं बंद म्हणून आईला मी सांगितलं तर घर डोक्यावर घेईल. तूच सांग ना.' समजूतदार! ज्याच्या ताटातलं उचलायचं असतं, त्याला आधी हा शब्द वाढतात. आणि तिने, त्याच हरभऱ्याच्या झाडावर चढून, बरं म्हटलं होतं.

दारावरची बेल वाजली. पडदे शिवणारा आला होता. आतल्या खोलीच्या खिडक्या मोजायला मुलाने पाठवलं होतं. माणूस तोंडाचा फाटका. टेपचं एक टोक दातांत धरूनही त्याचं बोलणं चालू.

"फिकट रंग सांगितलाय तुमच्या मुलाने. नव्या सूनबाईंना गडद आवडत नाही म्हणे." आकडे लिहीत तो बाहेर आला आणि टीव्हीसमोर रेंगाळला. "कार्टून बघताय, आजी?"

"मारामारी बघतेय. अजून सुरू व्हायचीय."

"आणि ह्या कोण? मुलगी का?"

सून उठलीच. ओळखीची आहे म्हणावं, की शेजारची?

"सून आहे माझी," सासूबाई म्हणाल्या. नजर पडद्यावरच.

पडदेवाल्याने हातातल्या कागदाकडे बघितलं, मग सुनेकडे, मग पुन्हा कागदाकडे. "पण मग ते लग्न... पुढच्या महिन्यात..."

"ते वेगळं. ती मुलाची बायको. येईल, तीही बसेल. तू खिडकी नीट मोजलीस का? मागच्या वेळी पडदे वीतभर आखूड आले होते."

"ते मी नव्हते शिवले, आजी."

"सगळे तेच म्हणतात."

तो गेला. जिना उतरताना त्याचं स्वतःशी पुटपुटणं बराच वेळ ऐकू येत होतं. सून अजून उभीच होती, आता दाराला कडी लावायचं निमित्त करून. कडी लागली, तरी तिने हात काढला नाही.

"कुठवर आलं?" मागून सासूबाईंनी विचारलं. "त्याच्या बडबडीत माझं सगळं राहिलं."

"फार काही झालं नाही. दात काढला."

"कोणाचा?"

"दोघांचाही."

सोफ्यावरचा तिचा फोन थरथरला. मुलाचा मेसेज होता. 'बोललीस का आईशी?'

तिने तो दोनदा वाचला. मग वंगणाच्या काळ्या नखाने सावकाश टाईप केलं, 'तूच बोल,' आणि फोन पालथा ठेवला.

"कोण होतं?"

"कामाचं होतं. लिफ्टमध्ये एक जण अडकलाय."

"मग तुला जायला हवं का?"

"नको. सुखरूप आहे." ती पाय वर घेऊन बसली. "बसू दे थोडा वेळ आत."

सासूबाईंनी पालथ्या फोनकडे एकदा बघितलं, एकदा तिच्याकडे.

"बसू दे," त्या म्हणाल्या. "तू भाग जरा मागे घे."