अकोल्याची पाचची गाडी

"काकाजी, सही करा अन् मोकळे व्हा. कारागीर पाचच्या गाडीनं जाऊन राहिला." स्मारक समितीच्या अश्विननं कागद महादेवरावांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि वर पेनही ठेवला.

एसटी स्टँडसमोर दोन काळे दगड उभे राहिले होते. उजवीकडच्या दगडावर फौजेतून परत आलेल्या अकरा जणांची नावं होती आणि डावीकडच्यावर शहिदांची. शहिदांची दोन नावं कोरून झाली होती, खाली तिसऱ्याची जागा रिकामी होती. ती पुंडलिक गावंडेची, महादेवरावांच्या थोरल्या भावाची. एकाहत्तरच्या लढाईला गेलेला पुंडलिक परत आला नाही आणि त्याचं प्रेतही आलं नाही. फौजेच्या यादीत त्याच्या नावापुढं आजही 'बेपत्ता' लिहिलेलं होतं. घरच्यांनी तो गेल्याचं लिहून दिलं तरच नाव कोरायचं, असं समितीनं ठरवलं होतं. उद्घाटन उद्यावर आलं होतं.

"अन् नाई केली सही तर?"

"तर कोणत्याच दगडावर नाव नाई."

शेजारच्या बाकावर शेषराव खंडारे बसले होते. उजव्या दगडावर पाचवं नाव त्यांचं. माणूस बोलायला फटकळ, पण महादेवरावांचा लहानपणापासूनचा दोस्त. ते म्हणाले, "महादू, तुहं लगन लागलं तवा थो मेला व्हता. आता जिता कसा झाला?"

महादेवरावांनी चहा तसाच ठेवला आणि कागद-पेन खिशात घालून ते घराकडे निघाले.

शेषराव खोटं बोलले नव्हते. पुंडलिक गेला तेव्हा चतुराबाईशी त्याच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. सात वर्षं वाट पाहून सासऱ्यानं तिचा पाट धाकट्या दिराशी, महादेवाशी लावला. घरची सून घरातच राहिली, म्हणून गावानं बरंच मानलं. जिवाला घोर लागला तो एकट्या महादेवरावांच्या. दुसऱ्या दिवसापासून ते रोज पाचच्या गाडीला स्टँडवर येऊ लागले. लोकांना वाटे, बुवाला चहाची चटक लागली. खरं कारण त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. भाऊ आलाच तर अकोल्याच्या गाडीनं येणार. तो घरी पोचायच्या आत आपण त्याला गाठायचं आणि हात जोडून सांगायचं, दादा, असं असं झालं. शेवटचा माणूस उतरेपर्यंत ते गाडीच्या दाराकडे बघत आणि मग घरी जात. ते आले की चतुराबाई परातीत पीठ घेई. "आमच्या घरी थंडी भाकर कोनाले माहीत नाई," असं ते चारचौघांत मिरवायचे.

पहिला मुलगा झाला त्या वर्षी मात्र गाडी येताना पाहून ते मनात म्हणाले होते, 'नको येऊ.' एकदाच म्हणाले होते, पण म्हणाले होते. ती लाज त्यांना अजून सलत होती. आणि आता त्यांनीच लिहून द्यायचं की भाऊ मेला.

चतुराबाई ओसरीवर तूर पाखडत होती.

"अवं, अश्विन सही मांगून राहिला. दादा गेला असं लिहून द्या म्हन्ते."

सूप थांबलं. "मंग?"

"तू सांग."

"मी काय सांगू?"

"तुह्या मनात काय हाय थे सांग ना."

"शेचाळीस वर्सं पुसलं नाई," चतुराबाई म्हणाली, "आता कारागिराची गाडी सुटून राहिली म्हून पुसता?"

ती सूप घेऊन आत गेली. तिला राग आला होता की रडू, हे महादेवरावांना कळलं नाही, आणि आत जाऊन बघायचं धैर्य झालं नाही.

चार वाजता ते पुन्हा स्टँडवर आले, तेव्हा कारागीर दगडापुढं उकिडवा बसला होता. रिकाम्या जागेत त्यानं खडूनं गुलाबाचं फूल काढलं होतं.

"हे काय हाय?"

"रिकामं बरं दिसत नाई ना काकाजी," अश्विन म्हणाला. "तुमी काई आले नाई, म्हून म्हटलं फूल कोरून टाकू."

महादेवराव त्या फुलाकडे बघत राहिले. तो मेला असं लिहायच्या भीतीपायी आपण भावाला गावातूनच पुसायला निघालो, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं. त्यांनी खिशातला कागद काढून शेषरावांच्या बाकावर ठेवला आणि लिहिलं, 'माझा थोरला भाऊ पुंडलिक लढाईत गेला.' खाली सही केली. सही वाकडी आली. शेषरावांनी कागद उडू नये म्हणून त्यावर हात ठेवला.

कारागिरानं फूल ओल्या फडक्यानं पुसलं आणि मशीन सुरू केलं. तो कर्कश आवाज पार वेशीपर्यंत जात होता. पांढरी भुकटी उडून महादेवरावांच्या धोतरावर बसत होती, तरी ते हलले नाहीत. शेवटचं अक्षर होईस्तोवर गाडीचा हॉर्न वाजला.

ते सवयीनं उठले. कॉलेजच्या दोन पोरी उतरल्या, फवारणीचा पंप घेतलेला एक जण उतरला, शेवटी एक म्हातारी. कारागीर पेटी घेऊन वर चढला आणि दार लागलं.

घरी आले तेव्हा शेगडी बंद होती. चतुराबाईनं ताट वाढलं. टोपल्यातल्या भाकरी केव्हाच्या झाकून ठेवलेल्या होत्या.

"आज लवकर केल्या?"

"मशीनचा आवाज आला," ती म्हणाली. मग पदरानं हात पुसत राहिली. "रोज तुमी वापस येयेपर्यंत मी पीठ घेत नव्हती. एकटे येता का दोघं येता, समजत नव्हतं."

महादेवरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. भाकर थंड झाली होती.