एक पैसाही न मागणारे व्याही

विद्यापीठाच्या आरोग्य केंद्राचं दार उघडायच्या आतच बाहेरची बाकं भरली होती. कोणी घसा धरून बसलं होतं, कोणी पोट. वसतिगृहातली एक मुलगी तापाने भिंतीला टेकून डोळे मिटून पडली होती आणि तिची मैत्रीण तिला वहीने वारा घालत होती. आत रक्ततपासणीचं यंत्र कापड घालून झाकून ठेवलेलं. त्यात घालायच्या रसायनांचं किट संपलं होतं.

"मॅडम, आज तरी येतंय का किट?" लॅबवाल्याने भांडारबाईंना विचारलं. केंद्रातली सगळी खरेदी त्यांच्या सहीने होई, म्हणून सगळे त्यांना भांडारबाईच म्हणत.

"पुरवठादाराला फोन केलाय."

"त्यांचं उत्तर मला पाठ आहे. म्हणे यंत्र फुकट दिलंय, जरा कळ काढा. मी म्हटलं, कळ पोरांच्या पोटात येतेय साहेब, मी काढून काय उपयोग?"

भांडारबाई हसल्या नाहीत. तो पुरवठादार म्हणजे त्यांचे व्याही. यंत्र फुकट, पण दुसऱ्या कोणाचं किट त्यात चालत नाही. म्हणजे यंत्राचं पोट भरायचं ते याच दुकानातून, दुकानदाराच्या लहरीने, तो सांगेल त्या भावाने. डॉक्टरांनी त्या तापलेल्या मुलीला बाहेरच्या लॅबची चिठ्ठी दिली. तिने ती मुठीत चुरगळली आणि मैत्रिणीला म्हणाली, "चल, झोपून राहीन. उतरेल." बाहेरच्या लॅबला पैसे लागतात हे तिने कोणाला सांगितलं नाही.

तेवढ्यात भांडारबाईंना घरून फोन आला. यजमान निवृत्त मास्तर, फोनवरही फळ्यासमोर उभे राहिल्यासारखे बोलायचे. आज आवाज दबलेला होता.

"अगं, लेक आलीय. बॅग घेऊन."

लेक माहेरी आल्याचा ज्या आईला आनंद होत नाही, तिने ते कोणाला सांगावं? शेजारणी कौतुक करत, किती चांगली माणसं, सुनेला वरचेवर माहेरी पाठवतात! वरचेवर म्हणजे केव्हा, ते फक्त घरचेच जाणत होते. हातमोज्यांची खरेदी निघाली, लेक आली. खाटा घ्यायच्या ठरल्या, लेक आली. खरेदी व्याह्यांना मिळाली की जावई गाडी घेऊन दारात हजर, तोंडभर हसत.

लग्नात व्याही हात जोडून म्हणाले होते, "आम्हाला एक पैसा नको, फक्त मुलगी द्या." लोक भारावले. भांडारबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. केंद्राच्या खरेदीवर कोणाची सही लागते, याची चौकशी या गृहस्थांनी लग्न ठरवण्याआधीच करून ठेवली होती, हे मागाहून उमगलं. याला हुंडा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? रोख घेणारा निदान उघडपणे घेतो. हा हुंडा पोरगी म्हातारी होईपर्यंत चालू राहतो, आणि तो बापाच्या खिशातून जात नाही, तापाने फणफणलेल्या परक्या पोरांच्या अंगातून वसूल होतो. आणि वर घेणाऱ्याचा सत्कार होतो!

घरी लेक ओट्याशी भाजी चिरत होती. आई आली तरी तिने मान वर केली नाही.

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आईची मोठी मीटिंग आहे ना, घरात मदत लागेल तिला. जा."

"आणि तो?"

"त्याने बॅग डिकीत ठेवली." सुरी जोरात खाली आली. "आई, मला परत जायचंय. माझं घर आहे ते. माझ्या शिकवणीला मुलं येतात तिथे. दर वेळी त्यांना काय सांगू? आता तर कामवालीसुद्धा विचारते, 'वहिनी, या खेपेला काय विकायचंय?'"

मास्तर दारात उभे होते. "अगं, आजवर केल्यास ना सह्या? मग ही आणखी एक. पोरीचा संसार आहे."

"ही आणखी एक नाहीये हो. केंद्राचा पाच वर्षांचा आराखडा आहे. जुन्या यंत्रापेक्षा मोठं यंत्र. सगळ्या तपासण्या पाच वर्षं त्यांच्या मुठीत."

"मग पाच वर्षं पोरगी सुखाने नांदेल!" मास्तर बोलून गेले, आणि स्वतःचंच वाक्य त्यांना सोसेना. ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

"सही कर, आई," लेक म्हणाली.

भांडारबाईंनी मान डोलावली. करणारच होत्या. पोटची पोर समोर उभी असताना परक्या पोरांचा ताप कोणाला आठवतो?

आराखड्याच्या बैठकीत पडद्यावर मोठमोठे शब्द सरकत होते. दूरदृष्टी. सक्षमीकरण. खरेदीच्या नव्या संधी. विद्यार्थ्यांनी मागितलं होतं ते साधं होतं: संध्याकाळी एक डॉक्टर, मन मोकळं करायला एक समुपदेशक आणि वेळेवर तपासणी. ते सगळं शेवटच्या पानावर गेलं होतं, "निधी उरल्यास" या शेऱ्यासह. यंत्राच्या अटी मात्र पहिल्याच पानावर होत्या. त्याची उंची, वजन, अगदी झाकणाचा रंगसुद्धा व्याह्यांच्या माहितीपत्रकातून जसाच्या तसा उतरवलेला. दुसरा कोणी स्पर्धेला उभाच राहू शकणार नव्हता.

"चला भांडारबाई, तुमची सही झाली की विषय संपला," संचालक डॉक्टर म्हणाले. "घरचंच काम आहे, काय! लेकही आलीच असेल माहेरी."

टेबलाभोवती सगळे हसले.

त्या हसण्याने भांडारबाईंच्या हातातलं पेन थांबलं. इतकी वर्षं त्या एक लाज पदराखाली लपवून वावरत होत्या, आणि इथे सगळ्यांना ती ठाऊक होती. प्रत्येक खरेदीआधी आपली मुलगी घराबाहेर काढली जाते, हे कळूनही ही शिकलेली माणसं चहाबरोबर त्याची मजा चाखत होती.

"डॉक्टर, पुरवठादार माझे व्याही आहेत. नियमाप्रमाणे मी या विषयाला बसायलाच नको. लिहून घ्या."

"अहो, सगळ्यांना माहीत आहे की! लिहायचं कशाला उगाच?"

"माहीत आहे म्हणूनच लिहा. आणि हेही लिहा की या अटी आपण ठरवलेल्या नाहीत, त्यांच्या दुकानात ठरल्यात. मी सही करणार नाही."

संचालकांचं हसू मावळलं. "तुमच्या जागी दुसरं कोणी करेल, बाई."

"करू दे. पण माझा नकार वाचून मग करू दे."

विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. रद्द नाही झाला, ढकलला गेला. भांडारबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांना जिंकल्यासारखं मुळीच वाटत नव्हतं. लेकीच्या घराला आपण स्वतःच्या हाताने कुलूप घातलं, एवढंच वाटत होतं. घरी त्यांनी झालं ते सांगितलं. लेक उठली. आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

संध्याकाळी व्याही आले, बरोबर जावई. आवाज अगदी मऊ.

"विहीणबाई, आम्ही कधी एक पैसा मागितला?"

"नाही."

"कधी तुमच्या मुलीला वेडंवाकडं बोललो?"

"नाही."

"मग आमचं चुकलं कुठे?"

"मागितला असतात तर बरं झालं असतं. लग्नाआधीच हाकललं असतं तुम्हाला. तुम्ही पोरगी ओलीस धरलीत. खरेदी आली की बाहेर काढता, खरेदी झाली की आत घेता."

"बाई तापट आहेत," व्याही मास्तरांकडे बघून हसले. "असो. पुढच्या बैठकीपर्यंत विचार करा. सूनबाईला आम्ही आजच नेतो. मन मोठं आहे आमचं."

आतलं दार उघडलं. लेक बाहेर आली. डोळे सुजलेले.

"चल ना," जावई म्हणाला. "कशाला ताणायचं?"

"पुढच्या बैठकीआधी पुन्हा आणून सोडणार मला?"

त्याने वडिलांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे नको बघू. मी तुला विचारतेय."

"तसं नाही गं... धंदा आहे. समजून घे ना जरा."

"मला यायचं होतं रे," ती म्हणाली. "आईवर चिडून बसले होते आत. तू नुसतं 'नाही सोडणार' म्हणाला असतास, खोटं का होईना, तरी आले असते. जा तू. मी येत नाही."

व्याही उठले. मऊपणा संपला होता. "लोक काय म्हणतील, विचार केलाय?"

उत्तर आलं ते मास्तरांकडून. खुर्चीतून न उठता, खाली बघत ते म्हणाले, "लोकांना आम्हीच सांगणार आहोत."

गाडी गेली. मग लेक भिंतीशी बसून मोठ्याने रडली, आणि शेजारी ऐकतील म्हणून तिला कोणी गप्प केलं नाही.

गोष्ट इथे गोड होत नाही. आरोग्य केंद्रात किट अजून आलेलं नाही. विषय पुढच्या बैठकीत आहे आणि सही करायला दुसरा हात शोधला जातोय. तो हात तुमच्या इमारतीत, तुमच्या नात्यात, कदाचित तुमच्याच मनगटाला असेल. त्या घरी एखादी लेक नुकतीच माहेरी आली असेल. तिला "परत कधी जाणार?" असं हसत विचारायची आपल्याला सवय आहे. ती सवय मोडा. तिला का पाठवलं, ते विचारा.