उरलेलं मनगट

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, "मनगट झिजलंय. जेवढं वापराल तेवढं लवकर जाईल." झालं! माझी लेक आणि माझी चित्रं विकणारा गॅलरीवाला, एरवी दोघांत विस्तव जात नाही, पण त्या दिवशी लगेच एक झाले. उरलेलं मनगट फक्त चित्रांसाठी, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

लेकीने घरातली इस्त्री उचलून लाँड्रीवाल्याला देऊन टाकली. मला विचारलंसुद्धा नाही. इस्त्री म्हणजे माझा जीव की प्राण. चुरगळलेला शर्ट, पाण्याचा शिपका, वाफेचा गरम वास आणि कॉलरच्या टोकापर्यंत धावत गेलेली कड. शेजाऱ्यांचे कपडेही मी मागून आणायची. लोक म्हणायचे, बाईचं डोकं फिरलंय. फिरलंच होतं, आणि मजेत फिरलं होतं.

दुसरं सुख तळमजल्यावर. तिथला शिंपी दुपारी कापड बेतायचं टेबल मोकळं करतो, मधोमध दोऱ्याची रिळं रांगेने मांडतो आणि आम्ही टेबल टेनिस खेळतो. गडी पक्का लबाड. चेंडू रिळावर आपटलेला अख्ख्या गल्लीला ऐकू जातो, तरी हा म्हणणार, "कुठे लागला, ताई?" मग मी त्याचा यथेच्छ उद्धार करते. तेही बंद झालं.

मी ऐकलं, कारण घाबरले होते. चित्र काढता येणार नाही हा विचारच सोसवत नव्हता. सकाळी ब्रश धरायचा आणि उरलेला दिवस हात मांडीवर ठेवून बसायचं.

अशी प्रदर्शनाची चित्रं पुरी झाली. गॅलरीवाला आला, मान तिरकी करून बघत राहिला. "बाई, काय संयम आहे! एक रेघ इकडची तिकडे नाही!" लेकीचे डोळे भरून आले.

मीही पाहिलं. खरंच, रेघ इकडची तिकडे नव्हती. मेलेल्या माणसाचे केस विंचरून ठेवावेत तशी ती चित्रं नीटनेटकी होती. माझी एकसुद्धा खोड त्यांत नव्हती. मला माझाच राग आला.

"ही मी देणार नाही," मी म्हटलं.

"अहो, आमंत्रणं गेली!"

"मग आलेल्यांना चहा पाजा. भिंती दाखवा. त्यांतही पुष्कळ संयम आहे."

"आई, हट्टाला पेटू नकोस," लेक म्हणाली. "तुझ्या चित्रांसाठीच जपतोय ना हात?"

"हाताला विचारलंस? चित्रं काढायचं यंत्र आहे का तो? तुझ्या वेण्या यानेच घातल्या, शेजारणीशी भांडताना हाच नाचवला. हे सगळं करून त्याच्यात जे साठतं, त्याचं चित्र होतं. काही साठूच दिलं नाहीत तर काढू काय, कपाळ?"

आणि मी तरातरा जिना उतरले.

मला बघून शिंप्याने जीभ चावली. "ताई, तुमच्या लेकीने मला शपथ घातलीय."

"तिने तुला घातलीय, मला नाही. मांड रिळं."

पहिल्याच फटक्याला कळ थेट कोपरापर्यंत गेली. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं. तिसरा चेंडू रिळावर आपटला आणि तो मेला म्हणतो कसा, "कुठे लागला?" मी इतकी हसले की टेबल धरून उभं राहावं लागलं.

वर पाहिलं तर दारात लेक उभी. रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. माझ्यावर गेलीय ना.

"आई, उद्या हात कायमचा गेला तर?"

मी चेंडू उचलून हातात घेतला. मग म्हटलं, "गेला तर रडेन. खूप रडेन. पण वापरून गेला म्हणेन. नुसता जपून जपून गेला, तर मात्र तुला कधी माफ करणार नाही. आता सरक बाजूला, सर्व्हिस माझी आहे."